पडद्यालाही विचारायचं, ‘हे कशावरून?’

मी शाळेत इतिहास शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन संग्रहालयात जाणं हा माझ्या कामाचा भाग आहे आणि सुट्टीत स्वतःसाठी जाणं हा माझा आनंद. गेल्या काही वर्षांत या दोन्ही फेऱ्यांचं रूप बदललं आहे. इतिहासाच्या दालनात शिरलं की पहिली नजर जाते ती उजळलेल्या पडद्याकडे. काचपेटीतली वस्तू मंद उजेडात असते, कारण कापड, कागद आणि जुने रंग प्रखर प्रकाश सोसत नाहीत. पडदा मात्र झगझगीत, हलता आणि बोलका असतो. डोळा हालचालीकडे ओढला जाणारच, त्यात मुलांचा दोष नाही.

पण आपण तिथवर जातो ते वस्तूसाठी. पडद्यावरचं पुष्कळसं घरी बसूनही पाहता येतं, वस्तू मात्र तिथेच असते. म्हणून मी एक क्रम ठरवून घेतला आहे: आधी वस्तू, मग पडदा, मग पुन्हा वस्तू. आणि पडद्यासमोर उभं राहिलं की एक प्रश्न विचारायचा: हे कशावरून? जुना कागद समोर आला की तो कुणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याला हे कुठून कळलं, असं आपण विचारतो. इतिहासाच्या अभ्यासात याला साधनचिकित्सा म्हणतात. पडदा हेही एक साधनच आहे, तेव्हा त्याला यातून सूट देण्याचं कारण नाही. तंत्रज्ञानाबद्दल माझ्या मनात अढी नाही. उलट, त्यामुळे जे दिसतं ते माझ्या शिक्षकांच्या पिढीला स्वप्नातही दिसलं नसतं. म्हणूनच ते नीट कसं वापरायचं ते शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

निघण्यापूर्वी

बहुतेक मोठ्या संग्रहालयांनी आपल्या संग्रहाचे फोटो आणि नोंदी संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. सगळं चाळत बसू नका. तीन-चार वस्तू निवडा आणि त्यांच्याबद्दल नीट वाचा. दालनातून माउसने फिरवून आणणारी आभासी सफर मी जाण्याआधी मुद्दाम पाहत नाही. कोपऱ्यावर वळल्यावर एखादी वस्तू अचानक समोर उभी ठाकते, तो क्षण आधीच खर्च का करायचा?

जे तिथे गेल्यावर दिसणारच नाही, ते मात्र घरूनच पाहून निघावं. बायू टॅपेस्ट्री ही १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड कसं जिंकलं त्याची कथा सांगणारी, जवळजवळ ७० मीटर लांबीची भरतकामाची पट्टी. तिची अतिशय बारकाईने घेतलेली छायाचित्रं जोडून २०२१ मध्ये अखंड पट्टी इंटरनेटवर खुली झाली. प्रत्यक्षात अशी नाजूक वस्तू अंधूक दालनात, काचेमागे असते आणि मागच्या माणसांसाठी पुढे सरकत राहावं लागतं. पडद्यावर मात्र हॅलेच्या धूमकेतूपाशी हवं तितकं थांबता येतं. आकाशातल्या त्या शेपटीवाल्या ताऱ्याकडे बोट दाखवणारी माणसं, कापडावरचे लोकरीचे टाके, एका रंगाचा धागा संपून दुसरा सुरू झालेली जागा, हे सगळं दिसतं. एवढं पाहून गेलेला माणूस दालनात पोचला की कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक असतं.

दुसरं उदाहरण मुलांचं फार आवडतं. अपोलो ११ मोहिमेतलं कोलंबिया हे यान स्मिथसोनियन संस्थेच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याच्या आत प्रेक्षकांना जाता येत नाही. संस्थेने त्याचं आतून-बाहेरून त्रिमितीय स्कॅनिंग केलं आणि २०१६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ते काम चालू असताना अंतराळवीरांनी आतल्या भिंतींवर हाताने लिहिलेल्या नोंदी आणि आकडे उजेडात आले. हाताने आखलेलं एक छोटं कॅलेंडरसुद्धा होतं. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांनी दिवस मोजायला भिंतीवर चौकटी आखाव्यात, हे वाचल्यावर माझ्या वर्गात एकदम शांतता पसरली होती. इथे डिजिटल साधनाने इतिहास नुसता दाखवला नाही, त्यात नवी भर घातली.

बाकी तयारी किरकोळ आहे, पण ती केली नाही तर दिवस वाया जातो. संग्रहालयाचं अ‍ॅप घरीच उतरवून घ्या. जाड भिंतींच्या आणि तळघरातल्या दालनांत नेटवर्क जातं, म्हणून ऑडिओही आधीच उतरवता येतो का ते पाहा. फोन पूर्ण चार्ज करा. स्वतःचे इअरफोन न्या. प्रवेशाची वेळ ऑनलाइन ठरवावी लागते का आणि फोटोची परवानगी आहे का, हे आदल्या दिवशी तपासा. अ‍ॅपमध्ये अक्षरं मोठी करण्याची किंवा मजकूर वाचून दाखवण्याची सोय असेल तर ती कशी लावायची तेही घरीच शिकून घ्या. सोबत कमी दिसणारं किंवा कमी ऐकू येणारं कुणी असेल तर हीच एक गोष्ट त्यांचा सगळा दिवस बदलून टाकते.

पहिल्या वस्तूपाशी

फोन खिशात. पाटीसुद्धा लगेच वाचायची नाही. वस्तूसमोर उभं राहून मी मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगते: ती कशाची केली आहे, कुठे झिजली आहे आणि तिच्यात काय नाहीसं झालं आहे. झीज पाहणं फार महत्त्वाचं. मूठ एका बाजूने गुळगुळीत झाली असेल तर ती वापरणारा हात समोर येतो. पायरीचा मधलाच भाग खोलगट असेल तर तिच्यावरून गेलेली माणसं दिसू लागतात. कुठलाही पडदा हे आपल्यासाठी इतक्या सावकाश करत नाही. चित्रकला येवो न येवो, वहीत पेन्सिलीने एक रेखाटन करायला लावते. रेखाटन करताना डोळा वस्तूवर आणि कागदावर आळीपाळीने जातो, आणि दर वेळी काहीतरी नवं सापडतं.

मग पाटी. मग पडदा. असं केलं की पडद्यापाशी जाताना मनात प्रश्न तयार असतो. ‘ही बाजू अशी का फुटली?’ हा प्रश्न घेऊन बटण दाबणारं मूल आणि नुसतंच बटण दाबणारं मूल यांच्यात फार अंतर असतं. दुसरं मूल पडदा उघडायच्या आधीच पुढच्या पडद्याकडे धावलेलं असतं.

पडदा नेमकं काय दाखवतोय?

या मार्गदर्शनातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पडद्यावर दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी एका जातीच्या नसतात. काही वेळा पडदा समोरच्या वस्तूचंच मोजमाप दाखवतो. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलीन मॅन म्हणून ओळखला जाणारा, इजिप्तच्या वाळूत नैसर्गिकरीत्या टिकून राहिलेला एका तरुणाचा देह आहे. काळ इसवी सनापूर्वी साधारण ३५०० वर्षांचा. शतकभराहून अधिक काळ लोक तो पाहत होते. २०१२ मध्ये त्याचं सीटी स्कॅन झालं आणि मग देहाजवळ एक मोठं टचस्क्रीन टेबल ठेवण्यात आलं. बोटाने त्वचेचा थर बाजूला सारायचा, हाडं पाहायची, देह वळवायचा. त्यात दिसलं की डाव्या खांद्याजवळ पाठीत धारदार शस्त्राचा वार झाला होता आणि तोही इतका जोराचा की बरगडीला इजा झाली. मरताना तो १८ ते २१ वर्षांचा होता, हेही हाडांवरून ठरवता आलं. इथे ‘कशावरून?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे: याच देहाच्या स्कॅनवरून. वार दिसतो. वार कुणी केला, भांडण होतं की लढाई, ते दिसत नाही. मुलांना मी ही रेघ स्वतःला ओढायला सांगते, ‘इथपर्यंत पाहिलं, इथून पुढे अंदाज.’ आणि तो एक माणूस होता, टेबलावर देह फिरवताना आवाज खाली ठेवायचा, हेही सांगते.

दुसऱ्या प्रकारात पडदा तर्काने भरलेली जागा दाखवतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये डेंडूरचं मंदिर आहे. इसवी सनापूर्वी १५ च्या सुमारास, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात नाईलकाठी बांधलेलं. आस्वानच्या धरणामुळे बुडणार म्हणून ते सुटं करून हलवलं गेलं आणि १९७८ पासून ते संग्रहालयात उभं आहे. आज दगड तांबूस-पिवळा, कोरा दिसतो, पण मुळात या भिंती रंगवलेल्या होत्या. २०१६ मध्ये संग्रहालयाने एका भिंतीवर प्रोजेक्टरने रंगांचा प्रकाश टाकला. कोरीव देव आणि राजा रंगांत उभे राहिले, आणि बटण बंद केलं की दगड पुन्हा जसाच्या तसा. मला ही पद्धत फार आवडते, कारण मूळ वस्तूला धक्का लागत नाही आणि प्रेक्षकाला दोन्ही रूपं एकाच जागी, एकापाठोपाठ दिसतात. पण त्या रंगांची नेमकी छटा मंदिरावरून कळलेली नाही. पाण्याने रंग केव्हाच धुऊन गेले आहेत. जुन्या नोंदी आणि रंग टिकलेली इतर मंदिरं यांच्या आधाराने त्या ठरवल्या आहेत. म्हणून अशा ठिकाणी दिवा बंद होण्याची वाट पाहा. कोऱ्या दगडाकडे पुन्हा बघा. प्रकाशात पाहिलेली हातातली भांडी, मुकुटाच्या कडा आता दगडातही वाचता येतात. ‘मग पुन्हा वस्तू’ म्हणते ते यासाठी.

कधी दोन्ही जाती एकमेकींत मिसळतात आणि तिथे खरं लक्ष द्यावं लागतं. पोर्ट्समथला मेरी रोझ या इंग्लंडच्या राजा आठव्या हेन्रीच्या युद्धनौकेचं अर्धं कलेवर आहे. जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं. २०१६ पासून त्याच्या लाकडी सांगाड्यावर खलाशांची हलती चित्रं प्रकाशाने उमटवली जातात. कुणी दोर ओढतोय, कुणी तोफ सज्ज करतोय. जहाजावरच्या १९,००० हून अधिक वस्तू सापडल्या आहेत, म्हणजे त्या माणसांच्या भोवतीचं जग पुष्कळ अंशी पुराव्यातलं आहे. त्यांचे चेहरे, हालचाली, एकमेकांकडे बघणं हे नटांचं. अशा दृश्यात मी एक वस्तू पकडते, समजा एखादं भांडं किंवा धनुष्य, आणि शेजारच्या काचपेट्यांत तशीच खरी वस्तू सापडते का ते बघते. सापडली की दृश्यातला तेवढा तुकडा पक्का. हा शोध मुलांना इतका रंगवतो की पडदा आणि काचपेटी यांच्यात त्यांच्या आपोआप फेऱ्या होतात.

हे भान तज्ज्ञांनाही आहे. संगणकावर भूतकाळ उभा करताना कुठला भाग पुराव्यावर आधारलेला आणि कुठला अंदाजाचा, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, असा आग्रह लंडन चार्टर या २००६ च्या दस्तऐवजात धरलेला आहे. चांगली संग्रहालयं ते पाळतात. अंदाजाचा भाग फिकट ठेवतात, रेषांनी दाखवतात किंवा ‘आधार’ असं वेगळं बटण देतात. दालनातल्या पडद्यावर असं बटण दिसलं तर आधी तेच दाबा. दिसलं नाही, तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. ज्यांना आपलं दालन प्रिय आहे अशी माणसं या प्रश्नाने खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाउसचं उदाहरण वेगळंच आहे. अ‍ॅन ही ज्यू मुलगी दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून इथे लपून राहिली होती. लपण्याच्या त्या खोल्या रिकाम्या आहेत. अटकेनंतर सामान नेलं गेलं, आणि खोल्या तशाच रिकाम्या राहाव्यात ही अ‍ॅनच्या वडिलांची, ऑटो फ्रँक यांची इच्छा होती. २०१८ मध्ये त्याच घराची व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून करायची आभासी सफर आली. तिच्यात खोल्या त्या काळासारख्या सामानाने भरलेल्या आहेत. आठ माणसं त्या जागेत कशी मावली असतील, हे भरलेली खोली दाखवते. ती माणसं नेली गेली, हे रिकामी खोली सांगते. जिथे रिकामेपण हाच पुरावा आहे तिथे तो आधी पाहावा. पण ज्यांना ते उभे, अरुंद जिने चढता येत नाहीत किंवा तिथवर जाणंच शक्य नाही, त्यांनी व्हीआर बघायला अजिबात संकोचू नये. त्यांच्यासाठी ते दार उघडलं गेलंय, हे तंत्रज्ञानाचं मोठं देणं आहे.

उत्तर देणारी माणसं

शिकागोजवळच्या इलिनॉय होलोकॉस्ट म्युझियममध्ये २०१७ पासून एक वेगळं सभागृह आहे. नाझी छळछावण्यांतून वाचलेली माणसं तिथे मंचावर बसलेली दिसतात आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. समोर असते ती प्रतिमा. यूएससी शोआ फाउंडेशनने त्यांच्या दीर्घ मुलाखती अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित करून ठेवल्या आहेत. पहिली अशी मुलाखत पिनखस गुटर यांची होती. प्रेक्षकाचा प्रश्न ऐकून यंत्रणा साठवलेल्या उत्तरांतून जुळणारं उत्तर निवडते. शब्द त्या माणसाचे, निवड यंत्राची.

म्हणून इथे प्रश्न विचारण्याची रीत लागते. एका वेळी एकच प्रश्न. छोटं वाक्य. ‘तुम्ही’ म्हणून थेट त्या माणसाला विचारा, ‘त्या काळात लोकांना काय वाटायचं’ असं सर्वसाधारण नको. उत्तर संपेपर्यंत थांबा. उत्तर प्रश्नाला सोडून आलं, तर ते यंत्राच्या निवडीचं, त्या व्यक्तीने टाळलं असं समजू नका. तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारून बघा. आणि मुलांनी काय विचारायचं हे वर्गातच ठरवून नेलेलं बरं, कारण समोर बसलेला चेहरा बघितला की भल्याभल्यांना शब्द सुचत नाहीत.

आता दुसऱ्या जातीचे बोलके पडदेही येऊ लागले आहेत. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात २०२३ च्या चित्रकार व्हॅन गॉगच्या प्रदर्शनात, त्याच्या पत्रांवर आधारलेली कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्या नावाने प्रेक्षकांशी बोलत होती. वरकरणी दोन्ही सारखेच, मंचावरचा माणूस आणि प्रश्नोत्तरं. पण पहिल्यात साक्ष आहे, दुसऱ्यात पत्रांच्या आधाराने यंत्राने जुळवलेली वाक्यं. ती वाक्यं त्याची म्हणून वहीत उतरवू नका. एखादं फार भिडलं तर त्याची मूळ पत्रं उघडून तसं काही त्यात आहे का ते बघा. इतिहासाच्या संग्रहालयात अशी सोय दिसली तर सुरुवातीलाच शोधा: ही उत्तरं ध्वनिमुद्रित आहेत की तयार केलेली? माझ्या मते ही माहिती पडद्यावर ठळक असलीच पाहिजे, प्रेक्षकाला शोधायला लागू नये.

कानातला आवाज

ऑडिओ गाइड तसं जुनं. १९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलाइक संग्रहालयात रेडिओलहरींवरून निवेदन ऐकवलं जायचं. सगळ्यांना एकाच वेळी एकच निवेदन, त्यामुळे सगळा घोळका एका वस्तूकडून दुसरीकडे एकदमच सरकायचा. आज आपल्या हातात थांबवण्याचं बटण आहे, पण बरेच जण ते वापरतच नाहीत. निवेदक सांगेल त्या वेगाने धावतात. माझी रीत अशी: निवेदन सुरू करायच्या आधी वस्तू पाहून झालेली असते. निवेदकाने एखाद्या बारकाव्याचा उल्लेख केला की आवाज थांबवायचा, तो बारकावा डोळ्यांनी शोधायचा, मग पुढे. प्रत्येक क्रमांक ऐकायचा नाही. दालनात एक-दोनच.

दोघं मिळून जात असाल तर कानातले दोन वेगवेगळे आवाज तुम्हाला एकमेकांपासून तोडतात. हा प्रश्न संशोधकांनीही हाताळला आहे. कॅलिफोर्नियातल्या फिलोली या ऐतिहासिक घरात ‘झेरॉक्स पार्क’ या संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक साधन वापरून पाहिलं होतं. जोडीदार काय ऐकतोय ते आपल्यालाही ऐकता यायचं, आणि त्यातून माणसं पुन्हा एकमेकांशी बोलू लागली. तसं साधन मिळालं नाही तरी त्यातला विचार उचलता येतो. मी आणि माझी मोठी बहीण जातो तेव्हा एका दालनात ती ऐकते आणि मला सांगते, पुढच्या दालनात मी ऐकते आणि तिला सांगते. ‘अगं, हे बघ, इथे डाग म्हणे मेणाचा आहे,’ असं ताईने सांगितलेलं माझ्या जास्त लक्षात राहतं. सांगणाऱ्यालाही सांगता सांगता गोष्ट नीट कळते.

फोटो

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगते. संग्रहालयात फिरताना काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील लोकांना कमी आठवले. पण वस्तूच्या एखाद्या भागाचा जवळून फोटो काढायला सांगितला, तेव्हा ती घट दिसली नाही. २०१७ मध्ये अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वतःच्या मर्जीने, निवडून फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं अधिक आठवतं, ऐकलेलं मात्र कमी आठवतं.

दोन्ही एकत्र ठेवले की मार्ग सापडतो. पूर्ण वस्तूचा फोटो काढू नका, तो संकेतस्थळावर तुमच्यापेक्षा चांगला असतो. तुम्हाला भावलेला एक बारकावा निवडा, तेवढाच जवळून टिपा. ऑडिओ चालू असताना कॅमेरा बंद. फ्लॅश कधीच नाही. आणि वस्तूनंतर पाटीचाही फोटो घ्या, त्यात नोंदणी क्रमांक स्पष्ट यायला हवा. तो लांबलचक आकडा पुढे फार उपयोगी पडतो.

मुलं, मोठी माणसं आणि एकच पडदा

छोट्या पडद्याभोवती एक जण खेळतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघतात. मोठी टेबलं बरी. लंडनच्या चर्चिल वॉर रूम्समध्ये २००५ पासून १५ मीटर लांबीचं डिजिटल टेबल आहे, चर्चिलच्या आयुष्याची कालरेषा. अनेक जण एकाच वेळी त्याच्याभोवती उभे राहून आपापलं वर्ष उघडू शकतात. गट असेल तर असे पडदे निवडा. लहान पडद्यापाशी मी कामं वाटून देते: एकाने बटणं दाबायची, एकाने मोठ्याने वाचायचं, एकाने काचपेटीपाशी उभं राहून ‘हो, दिसतंय’ किंवा ‘नाही, इथे तसं नाही’ हे सांगायचं. तिसऱ्या कामासाठी नेहमी भांडणं होतात, कारण पडद्याला खोटं पाडायची संधी तिथे असते. ‘बाई, पडद्यावर सात आहेत, इथे सहाच!’ अशी हाक आली की मला त्या दिवसाचं सार्थक वाटतं. सातवा कुठे गेला हे शोधायला मग सगळे एकत्र येतात.

काही पडदे तुम्हालाच प्रश्न विचारतात. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात उपाहारगृहाच्या काउंटरसारखं एक लांब डिजिटल टेबल आहे. स्टुलावर बसून नागरी हक्कांच्या लढ्यातला एखादा प्रसंग निवडायचा आणि आपण तिथे असतो तर काय केलं असतं, ते ठरवायचं. १९६० मध्ये ग्रीन्सबरोच्या ज्या फक्त गोऱ्यांसाठीच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले आणि उठायला नकार दिला, त्याचा खरा तुकडा वॉशिंग्टनमध्येच, अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जमलं तर दोन्ही एकाच दिवशी पाहा, खरा काउंटर आधी. डिजिटल टेबलावर तुम्ही दिलेलं उत्तर तुमच्याबद्दल काही सांगतं, त्या चौघांबद्दल नाही. त्यांना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं, आपल्याला आहे. हा फरक मुलांशी बोलावाच लागतो.

मोठ्या माणसांसोबत जाताना बसून पाहायच्या पडद्यांची जागा आधी नकाशावर बघून ठेवा. संग्रहालयात पाय आणि डोळे दमतात, हे बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच वाकलेल्या, टाचा उंचावलेल्या माणसाचे फोटो काढून मांडलं होतं. माहितीपटाचं सभागृह म्हणजे त्यांच्यासाठी विसाव्याची जागा. दीड-दोन तासांच्या मधोमध ते ठेवा.

व्हीआर हेडसेट लावणार असाल तर बसूनच लावा. गरगरलं की लगेच काढा, आणि नंतर थोडा वेळ जिने टाळा.

जिथे फोन बंदच

२०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ आला, तेव्हा ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकाला आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला लोकांना विनंती करावी लागली की इथे खेळू नका. जिथे माणसं मारली गेली, जिथे कुणाचे अवशेष आहेत, तिथे अ‍ॅप, फोटो, सगळं बंद. सूचना लावलेली असो वा नसो. मुलांना मी दाराबाहेरच फोन पिशवीत टाकायला सांगते आणि माझाही टाकते.

घरी आल्यावर

फोटो उघडण्याआधी, आठवतील त्या तीन वस्तूंबद्दल दोन-दोन ओळी लिहून काढा. मग फोटो बघा. आठवणीत आणि फोटोत कुठे फरक पडला ते दिसेल.

मग पाटीवरचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळाच्या शोधचौकटीत टाका. ती वस्तू कुठून आली, कुणी दिली, कधी संग्रहात दाखल झाली, हे दालनातल्या पाटीवर जागेअभावी नसतं, पण नोंदीत पुष्कळदा मिळतं. त्रिमितीय प्रतिकृती असेल तर ती फिरवून कडा बघा. ब्रिटिश म्युझियमने रोझेटा शिळेची अशी प्रतिकृती २०१७ मध्ये खुली केली. दालनात समोरच्या तीन लिप्यांपाशी गर्दी असते. शिळेच्या कडांवर मात्र इंग्रजीत रंगवलेल्या ओळी आहेत: १८०१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ही इजिप्तमध्ये हस्तगत केली, आणि राजा तिसरा जॉर्ज याने दिली. ती शिळा संग्रहालयात कशी पोचली याचा पुरावा तिच्याच अंगावर आहे, आणि घरी, शांतपणे प्रतिकृती वळवताना तो सापडतो.

दालनातल्या एखाद्या पडद्यावरचं विधान पटलं नसेल, त्याचा आधार सापडला नसेल, तर संग्रहालयाला ईमेल लिहा. बहुतेकांच्या संकेतस्थळावर त्यासाठी पत्ता असतो. पत्र चार ओळींचं ठेवा: वस्तूचा नोंदणी क्रमांक, दालन, पडद्यावर काय लिहिलं होतं ते शब्दशः, आणि आपला प्रश्न. पडद्याचा फोटो जोडा, कारण एकाच वस्तूबद्दल अ‍ॅप, टेबल आणि माहितीपट वेगवेगळ्या वेळी तयार झालेले असू शकतात, आणि तुम्ही नेमकं कशाबद्दल विचारताय ते त्यांना लगेच कळतं.